प्रश्न पुरुषांचे, उत्तरे रघुनाथरावांची

१८९१ साली राधाबाई कर्वे बाळंतपणात वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपणात बाई जाणे ही घरोघरची गोष्ट होती. चार दिवस रडायचे, तेरावे उरकायचे आणि कर्त्या पुरुषाने वर्ष-दोन वर्षांत कुणा कुमारिकेशी दुसरे लग्न लावायचे, असा शिरस्ता होता. राधाबाईंच्या यजमानांनी तो शिरस्ता मोडला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो एका विधवेशी, आणि पुढचे सारे आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिले. लोकांनी त्यांना महर्षी म्हटले, १९५८ साली सरकारने त्यांना भारतरत्न दिले. त्यांच्या या थोरल्या मुलाने मात्र वेगळाच प्रश्न हाती घेतला. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, नको असेल तर होऊच नये, हे माणसाच्या हाती का असू नये? वडिलांना जे मानसन्मान मिळाले, त्यांतले मुलाच्या वाट्याला त्याच्या हयातीत फारसे काहीच आले नाही. कोर्टाची समन्से तेवढी आली.

र. धों. कर्वे हे नाव घेतले, की आपल्याला संततिनियमन आठवते. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ सालचा चित्रपट पाहिलेल्यांना त्यांचा एकाकीपणाही आठवेल. मला आज त्यांच्या कामाच्या थोड्या बाजूला पडलेल्या अंगाविषयी लिहायचे आहे. बायकांच्या हालअपेष्टांसाठी उभ्या राहिलेल्या या माणसाकडे पुरुषही आपले प्रश्न घेऊन आले. शक्ती गेल्याचे, धातू जात असल्याचे, संसार नीट होईल की नाही याचे. आणि रघुनाथरावांनी ते प्रश्न हसण्यावारी नेले नाहीत, की उपदेशाच्या पुडीत गुंडाळूनही टाकले नाहीत. त्यांना उत्तरे दिली. आमच्या पुसदसारख्या गावात राहून आजूबाजूला पाहिले, की त्या उत्तरांची गरज अजून संपलेली नाही असे वाटते. म्हणून हा लेख.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा, कोकणातल्या मुरूडचा. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकला पहिले आले. फर्ग्युसनमधून १९०४ साली बी. ए. झाले. वडिलांसारखेच ते गणिताचे प्राध्यापक झाले, आणि गणित त्यांच्या स्वभावातही होते. गृहीत काय, सिद्ध काय आणि नुसते मानलेले काय, हे तीन ढीग वेगळे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९च्या सुमारास ते गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. परत आले ते पुढच्या आयुष्याचे काम ठरवून.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातले ते पहिले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे अशा प्रकारचे पहिले केंद्र निघाले तेही याच वर्षी. म्हणजे विलायतेत एखादी गोष्ट रुजावी आणि वीस-तीस वर्षांनी तिचे पाणी आपल्या ओढ्याला यावे, हा नेहमीचा क्रम इथे चुकला. रघुनाथराव तेव्हा विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने कॉलेजात गणित शिकवावे आणि बाहेर गर्भ न राहण्याचे उपाय सांगावेत, हे व्यवस्थापनाला पटणारे नव्हते. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच आला. १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

पगारावर जगलेल्या माणसाला या वाक्याचे वजन कळते. मी बँकेत नोकरी केली, दरमहा ठरल्या तारखेला पगार जमा होण्याची सवय काय असते ते मला ठाऊक आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मागे कसलीही इस्टेट नसताना, तत्त्वासाठी ती सवय मोडणे हे भाषणात सोपे असते. हे शक्य झाले ते त्यांच्या पत्नी मालतीबाईंमुळे. संसाराचा गाडा त्यांनी आपल्या कमाईवर ओढला. या जोडप्याने मूल होऊ न देण्याचे ठरवले होते आणि ते पाळले. त्या काळात मूल नसलेल्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे वेगळे सांगायला नको. नवऱ्याच्या विचारांची किंमत हळदीकुंकवाच्या बैठकीत मालतीबाईंसारख्या बाईनेच मोजायची असते.

जुलै १९२७मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. संपादक तेच, लेखक बहुतांशी तेच, हिशेबनीसही तेच. हे मासिक त्यांनी अखेरपर्यंत, सव्वीस वर्षे चालवले. त्यात आरोग्य असे, विवाह असे, धर्मातल्या भोंदूपणावर कोरडे असत, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. हे शेवटचे सदर मला मासिकाचा कणा वाटते. डॉक्टरला विचारायची लाज, वडीलधाऱ्यांना विचारायची सोय नाही, मित्रांना विचारावे तर ते आपल्याहून अडाणी. अशा माणसाने एक पत्र लिहून टपालात टाकावे आणि पुढच्या कुठल्या तरी अंकात आपले उत्तर शोधावे. एका साध्या सदराने केवढी मोठी सोय केली होती!

त्या वेळच्या पुरुषाच्या डोक्यात काय भरलेले होते? वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे इतके थेंब, हा हिशेब जो तो एकमेकांना सांगत असे. लहानपणच्या एखाद्या सवयीमुळे आपले आयुष्य वाया गेले, झोपेत वीर्य गेले की हाडे पोकळ होतात, ब्रह्मचर्य राखले की तेज चढते. या भीतीपोटी तरुण पोरे खंगत. रघुनाथरावांनी गणिताच्या शिस्तीने हे मुद्दे तपासले आणि सांगितले, की यातल्या कशालाही पुरावा नाही. हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, शक्ती जाते ती त्याच्या धास्तीने. पुढे १९६० साली डॉ. एन. एन. विग या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या देशातल्या या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. धातू जातो या भीतीने थकवा येतो, झोप उडते, नैराश्य येते, आणि औषध लागते ते त्या भीतीवर. वैद्यकाच्या पुस्तकात ही गोष्ट नावानिशी येण्याच्या तीस वर्षे आधी एक गणिताचा प्राध्यापक ती मराठी मासिकात लिहीत होता.

शक्तीच्या शोधात आपणच वेडे होतो असे मात्र समजू नये. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राउन-सेकार या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचे शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केले. त्या अर्कात कामाचे द्रव्य जवळजवळ नव्हते हे नंतर कळले. जे झाले ते मनाचे समाधान होते. १९२० साली त्याच पॅरिसमध्ये वोरोनॉफ या सर्जनने माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसाला शिवायला सुरुवात केली. श्रीमंतांच्या रांगा लागल्या. व्हिएन्नात स्टाइनाख यांनी पुरुषाची शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येते असा सिद्धांत मांडला, आणि फ्रॉइडपासून कवी येट्सपर्यंत भले भले ती शस्त्रक्रिया करून आले. अखेर १९३५ साली खरे द्रव्य हाती लागले. अ‍ॅमस्टरडॅमच्या लाकर यांच्या प्रयोगशाळेने ते वृषणातून शुद्ध रूपात काढले, त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिचका यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. या दोघांना १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या शोधाला लागूनच एक विचित्र गोष्ट आहे, ती पुढे सांगतो. आधी रघुनाथरावांचे खटले.

पहिला खटला १९३१ साली झाला, व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल. शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४चा. या वेळी गुन्हा कसला, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुळात मासिकच लैंगिक आरोग्यावर आहे, त्यात वाचक त्याविषयीच विचारणार. विकृती वाटणाऱ्या गोष्टीही ज्ञानानेच दूर होतील, लपवून नव्हे, आणि प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर देणे हा गुन्हा कसा, अशी बाबासाहेबांची बाजू होती. न्यायालयाला ती पटली नाही. दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण दोन माणसांनी आपापल्या जागी केवढी जोखीम घेतली ते पाहा. बाबासाहेबांच्या मागे तेव्हा उभा समाज होता, राजकारण होते, पुणे करार नुकताच होऊन गेला होता. असल्या खटल्याचे वकीलपत्र घेऊन नावाला बट्टा लागेल, असे सांगणारे त्यांनाही भेटलेच असतील. त्यांनी ते घेतले. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तोही त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडूनच.

आता आमच्या पुसदकडे येतो. पूस नदीकाठचे हे गाव, भोवती कपाशीचा मुलूख. वसंतराव नाईक जवळच्या गहुलीचे, आणि ते १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर उमटला तो याच वर्षांत. म्हणजे रघुनाथरावांनी ज्या गोष्टीसाठी नोकरी गमावली, ती चाळीस-पन्नास वर्षांच्या आत सरकारी भिंतीवर आली. मात्र त्या त्रिकोणाशेजारच्या भिंतीवर दुसरी एक जाहिरात कायम असे, आणि ती आजही दिसते. गुप्तरोग, कमजोरी, निःसंतान निराश होऊ नका, अमुक लॉजवर अमुक तारखेला भेटा. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला जडीबुटीच्या बाटल्या मांडून बसलेले तंबूही तेच सांगतात. ही जाहिरात कधी जुनी होत नाही, कारण तिचे गिऱ्हाईक कुणाला सांगत नाही की आपण फसलो.

बँकेत असताना मृत खातेदारांच्या रकमेचे दावे माझ्या टेबलावर येत. एकदा दोन बायका एकदमच आल्या. दोघी एकाच माणसाच्या. पहिलीला पंधरा वर्षांत मूल झाले नाही म्हणून त्याने दुसरी आणली होती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने असे दुसरे लग्न रद्दबातल ठरते. पण गावात ते चालून जाते, अडते ते बँकेच्या काउंटरवर. मी कागद पाहिले. वारस म्हणून नाव पुतण्याचे होते. दुसरीलाही मूल झालेले नव्हते. मी काही विचारले नाही, विचारायचा मला अधिकारही नव्हता. पहिली बाई आपण होऊनच म्हणाली, की तिच्यासाठी देवऋषी झाले, नवस झाले, दवाखाने झाले. मालकांना तपासायचे कुणी नावसुद्धा काढले नाही. दुसरी खाली मान घालून बसली होती. एका साध्या तपासणीने त्या दोघींचीही आयुष्ये वेगळी झाली असती, आणि बहुधा त्या माणसाचेही.

हे लिहिताना मला आपली भाषाही आठवते. मूल न होणाऱ्या बाईसाठी मराठीत वांझ, वांझोटी असे शब्द आहेत, आणि आम्ही कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी ते भरपूर वापरले आहेत. पुरुषासाठी? षंढ, नपुंसक. पण त्यांचा अर्थ वेगळा. ते शब्द समागमाच्या क्षमतेबद्दल आहेत. जो पुरुष धडधाकट आहे, संसार नीट करतो, पण ज्याच्या वीर्यात शुक्राणू पुरेसे नाहीत, त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. शब्द नाही म्हणून तो दोष असूच शकत नाही, असे घर धरून चालते. आणि त्याला तपासायला पाठवले की त्याला तो मर्दानगीचा अपमान वाटतो, कारण भाषेने दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडची काही ना काही बाजू असते, कधी एकट्याची, कधी दोघांची मिळून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते असे सांगितले. एवढी ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

आता ती विचित्र गोष्ट. पुरुषाला अशक्तपणा जाणवतो, मूल होत नाही, रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी निघते. मग साधा हिशेब असा, की कमी आहे ते बाहेरून भरावे. खात्यात शिल्लक कमी, तर रोख भरा. पण शरीराची बँक अशी चालत नाही. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची छोटी ग्रंथी आहे. ती दोन संप्रेरके सोडून वृषणांना हुकूम देते. एकाने टेस्टोस्टेरॉन तयार होते, दुसऱ्याने शुक्राणू घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असावे लागते, तेव्हा शुक्राणू पिकतात. बाहेरून इंजेक्शन, जेल वा गोळी घेतली की रक्तातली पातळी चढते, पियुषिकेला वाटते भरपूर आहे, ती हुकूम थांबवते, आणि वृषणांतला कारखाना बंद पडतो. माणसाला अंगात जोर वाटतो, आणि शुक्राणू शून्यावर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच औषध पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात देशांतल्या दहा केंद्रांवरचे २७१ पुरुष होते. दर आठवड्याच्या इंजेक्शनाने त्यांच्यातल्या बहुसंख्यांच्या वीर्यात काही महिन्यांत शुक्राणूच उरले नाहीत. मूल हवे असणारा माणूस जे औषध मागतो, ते मूल नको असणाऱ्याचे औषध आहे! रघुनाथराव असते तर या उलट्या गणितावर त्यांनी अंकाचा अंक लिहिला असता.

म्हणून ज्यांना मूल हवे आहे त्यांनी टेस्टोस्टेरॉन घ्यायचे नसते. जिममध्ये पिळदार दंडांसाठी दिली जाणारी इंजेक्शनेही बहुधा याच कुळातली असतात, हे घरातल्या तरुण पोरांना सांगण्याची वेळ आली आहे. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक.

मग उपाय काय? आधी तपासणी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी एकदमच डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी, तरीही आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. एका अहवालावर निकाल लावायचा नसतो. शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, मधल्या एखाद्या तापानेही आकडा घसरतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी. टेस्टोस्टेरॉन मोजायचे ते सकाळी, आणि तेही दोनदा.

कारण सापडले तर त्यावर औषध आहे. पियुषिकेचा हुकूमच कमी पडत असेल, तर त्या हुकुमासारखे काम करणारी एचसीजी आणि एफएसएच ही इंजेक्शने देतात. या प्रकारात यश चांगले येते, पण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत धीर धरावा लागतो. क्लोमिफिन ही गोळी मूळची बायकांची. ती पियुषिकेला जागे करून शरीराचेच टेस्टोस्टेरॉन वाढवते आणि शुक्राणूंचा कारखाना बंद पाडत नाही. निवडक पुरुषांना डॉक्टर ती देतात. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर जास्त होत असेल तर अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल, प्रोलॅक्टिन वाढले असेल तर कॅबरगोलिन, थायरॉइड बिघडले असेल तर थायरॉइडचे औषध. वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतील, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, तर काहींना शस्त्रक्रियेने गुण येतो. कारणच सापडत नाही अशांमध्ये मात्र गोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो, आणि जीवनसत्त्वांच्या महागड्या डब्यांच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. हे सारे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचे. इथे नावे दिली ती ओळख म्हणून, खरेदीची यादी म्हणून नव्हे.

वजन कमी करणे, तंबाखू-खर्रा आणि दारू सोडणे, हे उपाय बिनपैशाचे आहेत. वृषणे शरीराबाहेर असतात ती उगाच नाही; त्यांना शरीराहून दोन-चार अंश कमी उष्णता लागते. भट्टीपुढे काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आमच्या भागाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या कृमींवरचे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुले होत नसल्याचे उघड झाले आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे वेगळी, पण पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने फवारणारा माणूस तोच. तोंडाला फडके, हातात मोजे आणि अंगभर कपडे हे त्याच्या जिवासाठी आहेतच, त्याच्या वंशासाठीही असतील.

औषधाने भागले नाही तरी दार बंद होत नाही. ज्या मुंबईत रघुनाथरावांनी १९२१ साली मूल न होण्याचे केंद्र काढले, त्याच मुंबईत १९८६ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट-ट्यूब कन्या जन्मली. १९९२ साली ब्रसेल्समधून एकच शुक्राणू बीजात सोडण्याच्या पद्धतीची वार्ता आली, आणि ज्यांच्या वीर्यात मोजकेच शुक्राणू आहेत असे पुरुषही बाप होऊ लागले. खर्च मोठा, यशाची खात्री नाही, पण मार्ग आहे. दत्तकाचाही आहे. आणि मूल नसतानाही दोघांनी मिळून भरलेले आयुष्य जगण्याचा मार्ग तर खुद्द रघुनाथराव-मालतीबाईंनी जगून दाखवला आहे.

रघुनाथरावांच्या कामाला आपण संततिनियमन म्हणतो. त्यातल्या ‘नियमन’ या शब्दाकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. नियमन म्हणजे नुसती बंदी नव्हे. धरणाचे दार बंद करता येते तसे उघडताही येते. नको तेव्हा मूल होऊ नये, आणि हवे तेव्हा ते होण्यासाठी माणसाला आपल्या शरीराची खरी माहिती असावी, ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. माहिती लाजेपोटी अडवली, की एका टोकाला राधाबाई बाळंतपणात जातात आणि दुसऱ्या टोकाला दोन बायका एका काउंटरवर येऊन उभ्या राहतात.

अखेरची वर्षे रघुनाथरावांनी ओढगस्तीत काढली. मालतीबाई आधीच गेल्या होत्या. अंक मात्र निघत राहिला. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला; असा कार्यक्रम हाती घेणारा तो जगातला पहिला देश. ज्या विचारासाठी दंड भरला, तो देशाच्या योजनेत येताना त्यांनी पाहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, आणि त्यांच्यामागोमाग ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, संसदेने औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे या कायद्याने गुन्हा ठरते. म्हणजे बाजारच्या रस्त्यावरची ती रंगवलेली भिंत गेली सत्तर वर्षे बेकायदा आहे, आणि तरीही ती दर पावसाळ्यानंतर नव्याने रंगवली जाते.

रघुनाथरावांना प्रश्न विचारणाऱ्या पुरुषाला चार आण्यांची हिंमत लागत असे. पत्र लिहायचे आणि वाट पाहायची. आजच्या पुरुषाला फक्त दवाखान्यात बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आहे आणि डॉक्टरांना म्हणायचे आहे, की आधी माझी तपासणी करा. यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेड जवळ आहे. पुसदहून एस. टी. मिळते. दोन तिकिटे काढावीत.